दोन फिल्टर, एक कापायला

मेळ्याचे दिवस आले की ग्वाल्हेरात माणसं भेटल्यावर 'कसे आहात' विचारत नाहीत. 'घेतली का?' विचारतात. काय घेतली, ते सांगावं लागत नाही. मेळ्यात नव्या गाडीवर रोड टॅक्सची सूट मिळते, त्यामुळे वर्षभर दम धरून बसलेलं अख्खं शहर पौषाच्या थंडीत एकदम गाड्या घ्यायला बाहेर पडतं. मग थाटीपूरच्या आमच्या गल्लीत दर दोन दिवसांनी एक नवी गाडी येते. बोनेटवर लाल फीत, चाकाखाली लिंबू, आणि मालकाच्या चेहऱ्यावर जगावर उपकार केल्याचा भाव. घरोघरी पेढे जातात. मी पेढे खाते. पेढ्यांशी माझं काही भांडण नाही.

यंदाही विचारून झालं. स्टाफरूममध्ये झालं, दूधवाल्याकडे झालं, समोरच्या वहिनींनी तर गच्चीवरून विचारलं, या मेळ्यात तरी घेणार ना बाई? मी नाही म्हटलं. का नाही, ते ऐकायला कोणी थांबत नाही. गणित शिकवणारी बाई, एकटी राहते, कंजूस असणारच, असा हिशोब ते परस्पर मांडून मोकळे होतात. एकटी आहे हे खरं. लग्न का केलं नाही हे मला विचारू नये, तुम्ही का केलंत हे मी कोणाला विचारत नाही. पण कंजूस? ज्या बाईनं गाडीला एक ऑइल फिल्टर बसवायचा म्हणून सहा विकत घेतले, तिला कंजूस म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

ते सहा फिल्टर त्या हिवाळ्यातले. बाबा शरदात गेले आणि त्यांच्यामागून जो पहिला हिवाळा आला, तो. अजूनही सकाळी दार उघडल्यावर धुकं घरात यायला बघतं, गल्लीच्या तोंडाशी गजकवाल्याच्या परातीतून कुटलेल्या तिळाचा वास येतो, आणि माझी बोटं आपोआप आखडतात. थंडीनं नव्हे. लोखंडी पान्याच्या आठवणीनं. पौषातल्या सकाळी उघड्यावर ठेवलेला पाना हातात घेऊन बघा, मग कळेल मी काय म्हणते ते.

गाडी म्हणजे बाबांची अँबॅसिडर, ताकाच्या रंगाची. त्यांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती आणि मी शाळेत होते. तिच्यात चढायला वाकावं लागत नाही. मागच्या सीटवर चार माणसं आणि एक हट्टी मूल आरामात मावतं. तिचं दार बंद होतं तेव्हा दार बंद झाल्यासारखं वाटतं. आजकालच्या गाड्यांची दारं पोह्यांच्या डब्याच्या झाकणासारखी लागतात. लोक म्हणतात जुनी गाडी म्हणजे हौस. हौस कसली आलीय, मी तिच्यातून शाळेत जात होते, भाजी आणत होते, बाबांना कंपूच्या दवाखान्यात शेवटपर्यंत तिच्यातूनच नेत होते.

बाबा पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर होते. आमचे पूर्वज दख्खनमधून घोड्यावर बसून लढायला इकडे आले आणि इथलेच झाले. बाबांच्या वाट्याला घोडा आला नाही, वाळूचे फिल्टर बेड आले. जन्मभर त्यांनी या शहराचं पाणी गाळलं, आणि त्यामुळे त्यांचा एक ठाम समज झाला होता की जगात जे काही बिघडतं ते वाईट गाळणीमुळे बिघडतं. चहाची गाळणी घ्यायची तरी ती उजेडासमोर धरून, जाळीचं भोक न् भोक बघून. दुकानदार वैतागायचे. बाबांना त्याचं सोयरसुतक नसायचं.

गाडीच्या फिल्टरच्या बाबतीत तर त्यांचा कायदाच होता. फिल्टर घ्यायचा तर दोन घ्यायचे, एक बसवायला आणि एक कापायला. ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गाडीचा फिल्टर म्हणजे तांब्याएवढी एक नळी, वर-खाली पत्र्याच्या चकत्या, मध्ये साडीच्या निऱ्यांसारख्या कागदाच्या घड्या. इंजिनाचं तेल त्या निऱ्यांतून गाळून पुढे जातं. निऱ्या किती आहेत, कागद कसा आहे, आतल्या बाजूनं डिंक नीट लागलाय का, हे बाहेरून कळत नाही. कळायचं तर कापावा लागतो, आणि कापलेला बसवता येत नाही. म्हणून दोन, एकाच दुकानातले, एकाच खोक्यातले. बाबा डोळे मिटून त्यातला एक उचलायचे आणि पत्र्याच्या कात्रीनं उभा चिरायचे. तो पास झाला तर दुसरा गाडीत जायचा.

तेल बदलताना गाडीतून निघालेला जुनासुद्धा कापायचा. इंजिन आतून कुठे झिजतंय ते त्या निऱ्यांत सापडतं. वर्तमानपत्रावर कागद पसरायचा, उन्हात धरायचा, त्यावरून लोहचुंबक फिरवायचं. बारीक पितळी किंवा रुपेरी चमक दिसली की समजायचं, बेअरिंग चाललं.

मी आठवीत असल्यापासून फिल्टर आणायचं काम माझं होतं. सायकल मारत लश्करच्या बाजारात जायचं, तीन दुकानं पालथी घालायची, दोन डबे घेऊन यायचं. घरी आले की बाबा मला समोर बसवून त्यातला एक कापायचे आणि निऱ्या मोजायला लावायचे. तास तास चालायचं ते. मला राग यायचा. मी निवडून आणलेली वस्तू, आणि हा माणूस पहिलं काम काय करतो, तर तिचे दोन तुकडे. कॉलेजात गेले, नोकरीला लागले, केस पिकायला लागले, तरी माझा प्रत्येक फिल्टर कापला गेला. एकदा मी तोंडावर विचारलं की तुमचा माझ्यावर विश्वास नाही का. ते मान वर न करता म्हणाले, "तू आणलास म्हणून कागद सुधारत नाही."

माझा भाऊ अवी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बँकेत आहे, सिटी सेंटरला फ्लॅटमध्ये राहतो. त्याला या तेलकट प्रकारात गोडी नाही, असं घरात सगळे धरूनच चालले होते. तरी बाबांच्या तेराव्यानंतर कंपूवरच्या काकांनी ठरवलं की गाडी मुलाच्या नावावर व्हावी, मुलीला काय करायची. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मी कागदावर सही केली. रडून रडून डोकं बधिर झालं होतं, नाहीतर मी तो कागद काकांच्या हातात परत दिला असता. गाडी मात्र माझ्याच दारात राहिली आणि चालवत मीच राहिले.

पौष लागला आणि गाडीचा लाल दिवा विझेनासा झाला. हा दिवा तेलाच्या दाबाचा. गाडी सुरू करताना लागतो आणि लगेच विझायला हवा. एक, दोन, विझला. त्या सकाळी मी आकडे मोजत बसले, बारापर्यंत पोचले तरी तो आपला माझ्याकडे बघतोय, आणि खालून कोणी सुपात खडे पाखडावेत तसा आवाज. पुढच्या आठवड्यात तो रस्त्यात सिग्नलला थांबल्यावरही लुकलुकायला लागला. मी गाडी हळूहळू चालवत मुरारच्या रस्त्यावर रामऔतार मिस्त्रीच्या गॅरेजला नेली.

रामऔतारच्या हाताला यश आहे, माणूसही सरळ आहे. पण गाडीचं दुखणं बाईला सांगायची त्याला सवय नाही. पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून त्याने पाच मिनिटं ऐकलं, मला म्हणाला, देखते हैं दीदी. मी गाडी परत घरी आणली, आणि संध्याकाळी त्याने फोन केला तो अवीला. बेअरिंग गेलं, इंजिन बसलं, खर्च करण्यात अर्थ नाही, मेळा चालू आहे तर एक्सचेंजमध्ये देऊन टाका. माझ्या गाडीचा निकाल मला भावाकडून कळला. आजही हे आठवलं की माझी कानशिलं तापतात.

अवी दुसऱ्या दिवशी सकाळीच आला तो सगळं ठरवूनच. फोनवर त्याने मला एक छोटी, चकचकीत, क्लच नसलेली गाडी दाखवली. ती तो माझ्यासाठी घेणार होता, त्याच्या पैशानं, हे मला सांगितलंच पाहिजे. माझा भाऊ वाईट माणूस नाही.

"ताई, किती दिवस हिला ओढून राहिली आहेस? छोड न अब," तो म्हणाला. "रविवारी मी नेऊन देतो. सूट संपायच्या आत."

मला विचारलंस का, असं मी म्हटलं. विचारूनच तर राहिलोय, असं तो म्हणाला. हे विचारणं नव्हे, हे सांगणं, असं मी वर्गात सांगते तशा आवाजात सांगितलं, आणि मग आमचं चांगलंच वाजलं. गाडी कोणाच्या नावावर आहे, इथपर्यंत तो गेला. बाबांचं सगळं कोणी केलं, इथपर्यंत मी गेले. शेवटी मीच म्हटलं की रविवारी सकाळी तुझ्यासमोर गाडी सुरू करीन. दिवा ताबडतोब विझला नाही, तर घेऊन जा, मी अवाक्षर काढणार नाही. तो विझला तर मात्र ही गाडी विकायचा विषय माझ्या हयातीत कोणी काढायचा नाही. त्याने मान हलवली. त्या दिवशी बुधवार होता. माझ्या हातात गाडी वाचवायला चार दिवस होते आणि त्यातले तीन दिवस शाळा होती.

पहिलं काम कोणतं करायचं हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. शाळेतून आले, पदर खोचला, गाडीखाली शिरले आणि तिच्यातला फिल्टर काढला. गच्चीवर ऊन होतं तोवर वर्तमानपत्र पसरून तो कापला. त्या निऱ्यांत पितळी चमक दिसली असती तर रामऔतार खरा ठरला असता, आणि मला मुकाट्यानं किल्ली द्यावी लागली असती. मी कागद उन्हात तिरपा धरला. चुंबक फिरवलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

चमक कुठेच नव्हती. एक कणही नाही. पण कागद म्हणावा असा कागदही तिथे उरला नव्हता. अर्ध्याअधिक निऱ्या चेपून एकमेकींना चिकटल्या होत्या, मधली नळी दबली होती, आणि एका बाजूला कागदाचा तुकडाच्या तुकडा गायब होता. बेअरिंग शाबूत होतं. फिल्टरच विरघळला होता, आणि त्याचा लगदा इंजिनात कुठेतरी तेलाची वाट अडवून बसला होता. मी त्या उन्हात उठून उभी राहिले आणि मुरारच्या दिशेनं बघून रामऔतारला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले.

गुरुवारी शाळा सुटल्यावर लश्कर. स्पेअर पार्टच्या गल्लीत त्या दिवसांत बाईमाणूस दिसलं की दुकानदार आधी मागे बघतात, नवरा कुठे राहिला म्हणून. मी म्हटलं, अँबॅसिडरचे जितक्या प्रकारचे ऑइल फिल्टर असतील तितके दाखवा, प्रत्येकाचे दोन द्या. पहिल्या दुकानात गल्ल्यावर नवा माणूस होता, तो हसला. दोन कशाला, वर्षभर चालतो एक. मी कारण सांगितलं तर तो दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून पुन्हा हसला, आणि म्हणाला, दीदी, डब्ब्यावर सगळं लिहिलं आहे की. मी म्हटलं, डब्बा बसवायचा नाहीये मला. तिसऱ्या दुकानात गल्ल्यावर एक म्हातारे लालाजी मफलरात गुंडाळून बसले होते. मी दोन म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ओवरसियर साहब की बिटिया हो न? उनके यहाँ दो ही जाते थे," ते म्हणाले. मग त्यांनीच आठवण करून दिली की गेली दोन वर्षं आमच्याकडून फिल्टर घ्यायला कोणी आलं नव्हतं; तेल कधी बदललं, हे बाबांच्या दुखण्यात मी विचारलंही नव्हतं.

तीन प्रकारचे सहा फिल्टर घेऊन मी घरी आले. पहिल्याचा डबा इतका देखणा की शोकेसमध्ये ठेवावा. उजेडात धरला की रंग बदलणारा शिक्का, चार रंगांत छपाई. कापला तर आत विरळ निऱ्या, एक जाड एक बारीक, आणि कागद असा की पलीकडची खिडकी दिसावी. दुसरा हाताला जड लागला. कागद चांगला होता, निऱ्या सारख्या होत्या, माझ्या आशा वाढल्या. मग चकतीच्या कडेनं बोट फिरवलं तर एका ठिकाणी डिंकच लागलेला नव्हता, काडेपेटीतली काडी सरळ आत गेली. तेल शहाणं असतं, ते गाळून घ्यायला कशाला जाईल, त्या भोकातून बिनबोभाट पसार होईल. तिसरा लालाजींकडचा. खाकी डबा, अक्षरं पुसट, शिक्का नाही, काही नाही. आत निऱ्या दाट आणि एकसारख्या, दोन्ही चकत्यांना डिंक गोल पुरा, सोबतची रबरी रिंग दुमडून दाबली तरी तडा जात नव्हता.

एवढ्यावर बाबांचं समाधान व्हायचं नाही. कागदाचे तुकडे गरम तेलात दिवसभर भिजत घालायचे, हा त्यांचा शेवटचा पेपर. मी शुक्रवारी सकाळी जुन्या कढईत इंजिनाचं तेल तापवलं, तिन्ही कागद त्यात सोडले, वर ताट झाकलं आणि शाळेत गेले. घरभर वास भरला होता, पोळीलासुद्धा तो लागला. संध्याकाळी ताट उचललं तर पहिला कागद भिजलेल्या पापडासारखा लिबलिबीत झाला होता, चिमट्यात धरला तर तुटला. दुसरा टिकला होता. तिसऱ्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. मी तो खाकी डबा छातीशी धरला. बघायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी मी लाजले नसते.

आता मुलं वर्गात मला सांगतात, मॅडम, भरवशाची वस्तू हवी तर फोनवर तारे बघायचे, किती लोकांनी पाच दिले. मी विचारते, त्यांच्यातल्या किती जणांनी ती उघडून पाहिली? मुलं हसतात. त्यांचं काय चुकलं म्हणा. आपण सगळेच डब्याकडे बघून माणसाची, शाळेची, डॉक्टरची, जावयाची निवड करतो आणि वर त्याला अनुभव म्हणतो. उघडून बघणाऱ्याला विक्षिप्त म्हणतात. तसं म्हणा मला. मला त्याचं काही वाटत नाही, वाटायचं ते त्या शुक्रवारी वाटून झालं.

कारण त्या संध्याकाळी एक गोष्ट बाकी होती. पास झालेल्या फिल्टरचा रिकामा डबा बाबा फेकत नसत. त्यावर पेन्सिलीनं निऱ्यांचा आकडा आणि 'कापून पाहिला, ठीक' असं लिहून पोर्चमधल्या फळीवर ओळीनं ठेवत. मी स्टुलावर चढले आणि ती ओळ खाली घेतली. मी आणलेले सगळे तिथे होते, माझ्या शाळेपासूनचे. कापून पाहिला, ठीक. कापून पाहिला, ठीक. शेवटचा डबा वेगळा होता, पहिल्या प्रकारचा सख्खा भाऊ, तोच रंग बदलणारा शिक्का. त्यावर आकडा नव्हता. 'ठीक' नव्हतं. थरथरत्या अक्षरात एवढंच होतं, 'अवीने आणला.'

मी स्टुलावर बसले आणि गेलेल्या माणसाशी भांडले. मोठ्यानं, पोर्चमध्ये, समोरच्या वहिनी ऐकत असतील तर ऐकू देत म्हणून. तीस वर्षं माझे डबे कापलेत. मी ऊन-पाऊस बघितला नाही, लश्करच्या चकरा मारल्या, तरी मी आणलेल्या वस्तूला परीक्षेशिवाय घरात जागा नव्हती. आणि त्याने आयुष्यात एकदा, फोनवर बोट फिरवून एक मागवला, तर तो तसाच बसवलात? मुलानं आणलेलं कापलं तर त्याला काय वाटेल, असं वाटलं ना? मला काय वाटत असेल याचा विचार तीस वर्षांत एकदा केलात? ज्या माणसानं शहराच्या पाण्यावर विश्वास ठेवला नाही, त्याने पोटच्या पोराच्या डब्यावर डोळे मिटून ठेवला, आणि त्यापायी त्याचीच गाडी भंगारात निघाली होती. ही चूक आमच्याच घरात होऊ शकते. दुसऱ्या घरात मुळात फिल्टर कापतच नाहीत.

शनिवारी मी गाडी दोरीनं ओढवत रामऔतारच्या गॅरेजमध्ये नेली, समोर उभी राहिले आणि म्हटलं, इंजिनाखालचं चेंबर खोलायचं, आत्ता, माझ्यासमोर. तो समजावायला लागला. मी कापलेला फिल्टर त्याच्या हातात दिला आणि विचारलं, बेअरिंग गेलंय तर यात चमक दाखवा. त्याने तो बराच वेळ उलटा-सुलटा केला. मग पाना घेतला. चेंबर उतरलं, आतली तेल ओढायची जाळी निघाली, आणि तिच्यावर कागदाचा काळा लगदा बसला होता, पिठल्याच्या खरवडीसारखा. रामऔतारनं कान खाजवला. त्याने जाळी रॉकेलनं धुतली, वाटा हवेनं मोकळ्या केल्या, नवं तेल घातलं. फिल्टर मात्र मी त्याला लावू दिला नाही. खोबणीतली जुनी रिंग टोकरून काढली, नवीला तेलाचं बोट लावलं आणि माझ्या हातानं बसवला. निघताना तो अवीला नव्हे, मला म्हणाला की दीदी, अब नहीं जलेगी.

रविवारी अवी आला. स्वेटरच्या खिशात गाडीचे कागद होते, धुकं अजून उठलं नव्हतं. मी त्यालाच किल्ली दिली. म्हटलं, तूच सुरू कर, मग माझ्यावर आळ नको. तो बसला, किल्ली फिरवली. एक, दोन. दिवा विझला. खालचा आवाज नव्हता, गाडी मांजरीसारखी गुरगुरत होती. मी जिंकले होते. अवीनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत आणि त्याच्या चेहऱ्यावर मला हवं होतं तसं काही दिसेना.

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव असा की थांबत नाही. त्याने गाडी बंद केल्यावर मी तो फाटका फिल्टर आणि तो देखणा डबा, दोन्ही बोनेटवर ठेवलं. तो खाली उतरला. डबा उचलून त्याने पेन्सिलीची अक्षरं वाचली, आणि पुन्हा वाचली.

"म्हणजे माझ्यामुळे," तो म्हणाला.

"हो, तुझ्यामुळे. आणि त्यांच्यामुळे," मी म्हटलं. "माझा प्रत्येक डबा कापला त्यांनी. तुझा नाही कापला. तुझ्यावर विश्वास होता त्यांचा."

हे वाक्य मी शुक्रवारपासून परजत होते. ते त्याला लागेल अशी माझी अपेक्षा होती आणि ते लागलंही, पण भलतीकडेच.

"विश्वास?" अवी म्हणाला. "ताई, मी दोन आणले होते. मला काय माहीत नाही? लहानपणापासून दाराशी उभा राहून तुम्हा दोघांना बघतच तर होतो. म्हटलं, आता तुझा नंबर नाही, आता मेरा नंबर. समोर बसवतील, निऱ्या मोजायला लावतील. तर ते म्हणाले, दोन कशाला, एक परत कर." त्याने डबा उलटा करून आत बघितलं, जणू आत काही असणार होतं. "कापूनसुद्धा नाही पाहिला गं त्यांनी माझा. ठेव तिथे म्हणाले."

गल्लीत कोणाची तरी नवी गाडी आली असावी, नारळ फुटल्याचा आवाज आला. माझा भाऊ, चाळिशीला आलेला माणूस, स्वेटरच्या बाहीनं नाक पुसत उभा होता. दर रविवारी येऊन तो या गाडीकडे का बघत नसे, तिला या दारातून घालवायची त्याला एवढी घाई का झाली होती, हे मला, दोघांत शहाण्या म्हणवणाऱ्या बाईला, तोवर एकदाही सुचलं नव्हतं.

"बाबा चुकले," मी म्हटलं.

आमच्या घरात हे वाक्य आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. आईनं नाही, काकांनी नाही, मी तर नाहीच नाही. अवीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"गाडी विकायची नाही," मी म्हटलं.

"नाही विकत."

"आणि पुढच्या खेपेला फिल्टर तू आणायचास. दोन आणायचे. त्यातला एक मी तुला समोर बसवून उभा चिरणार. निऱ्या कमी निघाल्या, डिंक सुटलेला निघाला, तर तुला सोडणार नाही, सगळ्यांच्या देखत बोलीन."

त्याने खिशातले कागद काढून माझ्या हातात दिले.

"काप," तो म्हणाला.